क्योतोतला लाकडी ओटा

क्योतोच्या जुन्या घरांना बागेकडच्या अंगाला फळ्यांचा ओटा असतो. त्याला ‘एन्गावा’ म्हणतात. उंची जेमतेम गुडघ्याएवढी. खांब मातीत पुरत नाहीत, दगडावर उभे करतात. खालून वारा खेळतो, म्हणून ओलीतही लाकूड लवकर कुजत नाही. उघड्यावरच्या फळ्यांत फट ठेवतात, पाणी निथळते. आपल्याकडे कोकणात घर बांधणाऱ्यांनी हे जरूर पाहावे! र्‍योआनजी विहारातली १५ दगडांची बाग आम्ही अशाच ओट्यावर बसून पाहिली.

घरी शेजारी आला की पायताण न काढता कडेला टेकतो, चहा घेतो. आपल्या आजोबांना गावात सवर्णांच्या ओट्यावर टेकायची मुभा नव्हती. जपानातही बुराकू समाजाला दूरच ठेवत. १८७१ साली कायद्याने तो भेद रद्द झाला. लग्न जुळवताना चौकशी मात्र पुढेही होत राहिली.