पाण्याचा जमाखर्च

घरांत किती पैसा आला, यापेक्षां किती शिल्लक राहिला, यावरून प्रपंचाची स्थिति कळते. पावसाविषयीं मात्र आपण केवळ जमेचा आंकडा पाहून समाधान मानतों. हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा येथील उतारांवरून फिरतांना हा विचार माझ्या मनांत वारंवार येतो.

हिमालयांतील पुष्कळ नद्यांना बर्फाची ठेव असते. आमच्या पैनगंगेला व कयाधूला ती नाहीं. टेकड्यांवरील माती आणि काळ्या खडकाच्या भेगा, एवढीच त्यांची पुंजी. रिमझिम पाऊस तींत भर घालतो. धुवांधार सर मातीच घेऊन निघून जाते. हवा एका अंशानें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प सामावूं शकते, असें शास्त्र सांगतें. त्यामुळें जोराच्या सरी अधिक जोराच्या होतात आणि उघडिपींत ओल लवकर उडते. वर्षाचा आंकडा तितकाच राहिला, तरी चैत्रांत विहिरीचा तळ दिसूं लागतो.

पैनगंगेंत वाहून गेलेलें कांहीं पाणी इसापूरचें धरण अडवितें खरें. पण माथ्यावरच्या विहिरींना त्याचा काय उपयोग? तेथील तूट पहाटे घागर घेऊन निघणाऱ्या बायकांच्या पायांवर पडते. म्हणून पाऊस किती पडला, याबरोबरच मुरला किती, हेंही विचारावें.