सहाशेचं मीटर, सहा हजारांचं मीटर

सहाशे रुपयांचं तारेचं मीटर नीट बसवलं, तर अंतर मोजण्यात ते सहा हजारांच्या जीपीएसला हार जात नाही. घाटातल्या वळणांवर आणि दाट झाडीखाली तर तेच जास्त खरं बोलतं. सायकली दुरुस्त करणं आणि मीटरं बसवणं हेच माझं काम असल्यामुळे हे मी रोज पाहतो. तरीही दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कमी बजेटमध्ये चांगलं जीपीएस कुठलं?’ मी उलट विचारतो, ‘चालवता चालवता खाली बघून तुम्हाला नेमकं काय वाचायचंय?’ वेग आणि अंतर एवढंच उत्तर आलं, तर खरेदी तिथेच संपते आणि गिऱ्हाइकाचे पाचेक हजार वाचतात. ते पैसे चांगल्या टायरला आणि दिव्याला लावावेत, असं मी आग्रहाने सांगतो.

तारेच्या मीटरची रचना अगदी सरळ आहे. पुढच्या चाकाच्या स्पोकवर एक छोटा चुंबक आणि फोर्कवर सेन्सर. सेन्सरच्या पोटात काचेची बारीक नळी असते. तिच्यात दोन पातळ पट्ट्या, एकमेकींपासून केसभर अंतरावर. चुंबक समोरून गेला की पट्ट्या चिकटतात आणि चाकाचा एक फेरा नोंदवला जातो. पुढचा सगळा गुणाकार. अमेरिकेत कर्टिस व्हीडर यांनी १८९५च्या सुमारास सायकलसाठी असंच यंत्र बाजारात आणलं होतं. त्यात चुंबकाऐवजी स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला दातेरी चक्र एक घर पुढे ढकलायची आणि आकडे सरकायचे. पुढे ‘व्हीडर-रूट’ या नावाने त्याच कंपनीचे मोजणीचे आकडे पेट्रोलपंपांवर फिरू लागले. फेरे मोजून हिशेब लावायची ही रीत सव्वाशे वर्षं टिकली आहे, ती उगाच नाही.

मात्र गुणाकारातला दुसरा आकडा, म्हणजे चाकाचा परीघ, मीटरला आपण सांगावा लागतो. स्वस्त मीटर बदनाम होतं ते इथेच. ७०० बाय २५च्या टायरचा परीघ साधारण २१०५ मिलिमीटर, ७०० बाय २८चा २१३६, ७०० बाय ३८चा २१८०. हायब्रिड सायकलला ३८चा टायर आणि मीटरमध्ये मात्र २१०५, अशी जोडी माझ्याकडे सतत येते. फरक ७५ मिलिमीटरचा, पण किलोमीटरला साडेचारशेहून जास्त फेरे होतात, त्यामुळे शंभर किलोमीटर चालवल्यावर मीटर साडेशहाण्णव दाखवतं. रोजच्या फेरफटक्याला याने काही बिघडत नाही. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला निघालेल्या माणसाचं मात्र बिघडतं. हातातल्या क्यू शीटवर, म्हणजे वळणांच्या यादीत, ‘११८ किलोमीटरला डावीकडे’ असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते वळण येतं तेव्हा मीटरवर ११४ पण झालेले नसतात, आणि तो बिचारा सरळ पुढे निघून जातो. रात्रीची वेळ, अनोळखी गाव, विचारायला रस्त्यावर कुणी नाही. चार किलोमीटर पुढे आणि चार मागे, सगळं त्या एका आकड्यापायी.

तक्त्यातला आकडा कामचलाऊ असतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर सारखे भरत नाहीत, आणि त्यातली हवा व सायकलस्वाराचं वजन यांनीही परीघ बदलतो. म्हणून मी प्रत्येक चाक मोजतो. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरायची. फरशीवर खडूने रेघ मारायची आणि व्हॉल्व्ह बरोबर त्या रेघेवर खाली आणायचा. ज्याची सायकल त्यालाच सीटवर बसवायचं, कारण रिकामी सायकल ढकलून घेतलेलं माप जास्त भरतं. मग हँडल सरळ धरून पूर्ण तीन फेरे पुढे न्यायचं, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की तिथे दुसरी रेघ मारायची. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि तिनाने भागायचं. पाच मिनिटांचं काम आहे. अनेक दुकानांत ते करत नाहीत, म्हणून घरी स्वतः करा. नवा टायर घातलात की पुन्हा करा.

बसवतानाही दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. सेन्सरवर एक बारीक रेघ किंवा बाण कोरलेला असतो, चुंबक त्याच्याच समोरून गेला पाहिजे आणि मधली फट दोन-तीन मिलिमीटरची हवी. फट वाढली की खड्ड्यात सेन्सर थरथरतो आणि फेरे गळतात. दुसरी गोष्ट तार. ती ब्रेकच्या केबलला वेटोळे देत वर न्यायची आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल एवढी सैल ठेवायची. ताणलेली तार वर्षभरात फोर्कच्या मानेपाशी आतून तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि लोक चांगलं मीटर टाकून देतात.

तार नको म्हणून काही जण त्याच किमतीतलं बिनतारी मीटर मागतात. ते मी सुचवत नाही. यातल्या स्वस्त मीटरांचा सिग्नल कच्चा असतो. शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा लावला की सायकल उभी असतानाही वेग दिसू लागतो, किंवा आकडे गोठतात. पहाटे अंधारात निघणाऱ्या माणसाला दिवा काढून ठेवता येत नाही.

आता जीपीएसकडे वळू. ते घेण्याची सबळ कारणं आहेत, पण अचूक अंतर हे त्यातलं पहिलं कारण नव्हे. जीपीएस दर सेकंदाला, काही यंत्रं त्याहून विरळ, आपली जागा टिपतं आणि ते ठिपके सरळ रेघेने जोडतं. मोकळ्या रस्त्यावर हे छान चालतं. सिंहगडाच्या रस्त्यावरून उतरताना, ताशी तीस किलोमीटरच्या वेगात, दोन ठिपक्यांत आठ मीटरांहून जास्त अंतर पडतं. वळणाचा बाक कापला जातो आणि अंतर थोडं कमी भरतं. चढताना उलट. वेग ताशी सात-आठ, म्हणजे सेकंदाला दोन मीटर, आणि ठिपक्याची चूक त्याहून मोठी, त्यामुळे रेघ डुलत राहते. ऑटो-पॉझ बंद असेल तर चहाच्या टपरीवर टेकवून ठेवलेली सायकलही काही मीटर ‘चालते’. कात्रजच्या जुन्या बोगद्यात उपग्रह दिसतच नाहीत. बोगदा सरळ म्हणून यंत्र दोन्ही टोकं जोडून वेळ मारून नेतं. यावर उपाय आहे तो चाकाच्या हबवर बसणारा स्पीड सेन्सर. बरीच यंत्रं त्यासाठी चाकाचा परीघ जीपीएसवरून आपोआप ठरवतात. थोडक्यात, महागातलं यंत्र पक्कं करायला शेवटी चाकाचे फेरेच मोजावे लागतात.

मग जीपीएस घ्यावं कशासाठी? माझ्या मते चढासाठी, सेन्सरसाठी आणि वाटेसाठी.

चढ मोजण्यात यंत्रायंत्रांत सर्वांत मोठा फरक पडतो. निव्वळ उपग्रहांवरून काढलेली उंची कच्ची असते. आत बॅरोमीटर असेल तर हवेच्या दाबावरून उंची निघते. पुण्याच्या उंचीवर दर नऊ मीटर चढलं की दाब साधारण एक हेक्टापास्कलने उतरतो, आणि हा फरक यंत्र लगेच टिपतं. म्हणून चढाची टक्केवारी पाहायची असेल, तर बॅरोमीटर आहे का, हा प्रश्न दुकानदाराला आधी विचारा. पण त्याचेही स्वभाव ओळखावे लागतात. आपल्याकडे हवेचा दाब रोज ठरल्याप्रमाणे हलतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि मधला फरक तीनेक हेक्टापास्कलचा. सकाळी घरून निघालेला माणूस दुपारी त्याच दारात परतला, तर यंत्र त्याला वीस-पंचवीस मीटर वर दाखवू शकतं. यंत्र बिघडलेलं नसतं. जिची उंची ठाऊक आहे अशा जागी यंत्राला ती उंची सांगून मगच निघावं.

पावसाळ्यात याहून मोठी अडचण येते, आणि सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याने ती माहीत करून घ्यायलाच हवी. बॅरोमीटरला हवा लागते, म्हणून यंत्राच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात धो धो पावसात त्या छिद्रावर पाण्याचा थर बसतो. आपण धापा टाकत चढतोय आणि पडद्यावर चढ शून्य टक्के. मग पाण्याचा थेंब सुटतो आणि एकदम चाळीस मीटरांची उडी. यंत्र माउंटवरून काढून, पाठ खाली करून हलकं झटकायचं आणि कोरड्या रुमालाने टिपायचं. छिद्रात टाचणी कधीही घालू नका, आतला पडदा फाटला की बॅरोमीटर गेलं. आयपीएक्स७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगतो, त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास तग धरेल एवढाच. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाची धार हा वेगळा मामला आहे. सायकल धुण्याआधी मीटर खिशात टाका.

सेन्सरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : पहिला सेन्सर केडन्सचा घ्यावा. मिनिटाला पॅडलचे किती फेरे होतात हे समोर दिसू लागलं, की जड गिअर रेटत बसायची सवय मोडते. गुडघे दुखतात म्हणून येणारे किती तरी जण पन्नास-पंचावन्नच्या केडन्सने चढ ओढत असतात. सत्तर-पंचाहत्तरच्या वर ठेवायला लावलं की तक्रार बऱ्याचदा कमी होते. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा त्यानंतर. यंत्र घेताना त्यात अँट प्लस आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत का पाहा. अँट प्लसवर एकाच सेन्सरचे आकडे एका वेळी कितीही यंत्रं वाचू शकतात. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एकाच यंत्राशी बोलतात, आणि मोबाइलने तो आधी पकडला की मीटरला तो सापडत नाही. इथे नावं बघून घ्यावी लागतात. एक्सॉस कंपनीच्या साध्या ‘जी’ला सेन्सर जोडता येत नाहीत, ‘जी प्लस’ला येतात, दिसायला दोन्ही जवळपास सारखी. आयजीपीस्पोर्ट, मॅजिन, कूस्पो यांची सुरुवातीची यंत्रं या कामाला पुरेशी आहेत. गार्मिनची जुनी एज मालिकाही मजबूत, पण नवी घ्यायची तर खिसा बराच हलका होतो.

वाट दाखवण्यापुरतं बोलायचं, तर सहा हजारांच्या आसपास सहसा नकाशा मिळत नाही. काही यंत्रांत कोऱ्या पडद्यावर एक रेघ मिळते आणि तिच्यावरून चालायचं. बीआरएमला ती रेघ खूप कामाची आहे.

‘मोबाइल आहे की, मीटर कशाला?’ असंही विचारलं जातं. एप्रिलच्या उन्हात हँडलवरचा मोबाइल तापून बंद पडतो, पावसाच्या थेंबांना पडदा बोट समजतो, आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचा आतला भाग बिघडू शकतो हे अ‍ॅपलनेच २०२१ साली सांगितलं. सायकलला इंजिन नसलं, तरी आपले रस्ते ती उणीव भरून काढतात. शिवाय अडचणीच्या वेळी फोन लावायला बॅटरी शिल्लक हवी. मीटरचा काळा-पांढरा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून रंगीत पडद्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

नोंदी कुठे राहतात, हेही बघा. केबल लावली की नोंदींची फिट फाइल संगणकावर उतरवता येईल असंच यंत्र घ्या. २०२० च्या जुलैमध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनची सेवा काही दिवस बंद पडली, तेव्हा ज्यांना फाइल केबलने काढता येत होती त्यांचं काही अडलं नाही. बिनकेबलच्या, फक्त अ‍ॅपवर चालणाऱ्या यंत्राचं अ‍ॅप उद्या बंद झालं तर नोंदी अडकल्याच.

आणि बॅटरी. तारेच्या मीटरला बटणासारखा सेल लागतो, तो वर्षभर सहज पुरतो. जीपीएसच्या खोक्यावर पंचवीस तास लिहिलेलं असतं, पण तो आकडा नव्या बॅटरीचा आणि पडद्याचा दिवा बंद ठेवून काढलेला. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ६००ला चाळीस. चार्जिंग चालू असताना नोंद सुरू राहते का, हे ६००च्या आधी घरी तपासून घ्या. काही यंत्रं केबल लावली की नोंद थांबवतात. वापरलेलं जीपीएस स्वस्तात मिळत असेल तर पूर्ण चार्ज करून गच्चीवर उघड्या आकाशाखाली दोन तास नोंद चालू ठेवा. बॅटरी वीस टक्के उतरली, तर त्याच्यात दहा तास आहेत असं धरा. त्यावर २००ची बीआरएम पॉवर बँकशिवाय होणार नाही. रविवारच्या सिंहगडाला मात्र ते पुष्कळ झालं, आणि निम्म्या किमतीत देत असतील तर बिनधास्त घ्या.