पैठण ते नेवासे : ताटीबाहेर थांबणाऱ्यांचा रस्ता

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाला मराठवाड्यात सगळे 'घाटी' म्हणतात. 'घाटीत नेलंय' एवढ्यानंच गावाकडच्या माणसांना कळतं की प्रकरण गंभीर आहे. स्वतःचं जगणं संपवू पाहिलेली आणि वाचलेली माणसंही इथं येतात. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एखादा मित्र असतो. रुग्णाकडे बघायला डॉक्टर असतात. या मित्राच्या आत काय कोसळलं, ते कुठल्याच केसपेपरवर लिहिलं जात नाही. 'मला आधी कसं कळलं नाही?' आणि 'आता मी काय करू?' हे दोन प्रश्न घेऊन तो घरी जातो. पहिल्याला अनेकदा उत्तरच नसतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र याच मुलखात, पैठण ते नेवासे या गोदाकाठच्या पट्ट्यात, सातशे वर्षांपासून आहे, अशी माझी धारणा आहे. ती तपासायला मी पैठणच्या रस्त्याला लागलो.

महानुभाव आश्रमाचा चौक मागे पडला की नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावं लागतात. कारखान्यांच्या शेडना लागूनच कपाशीची आणि तुरीची रानं सुरू होतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा हिशेब महसूल खातं वर्षानुवर्षं ठेवत आलेला हा विभाग. त्या रकान्यांत गेलेल्यांची नोंद होते. वाचलेल्यांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची होत नाही. ज्याच्या नोंदी नाहीत, त्याबद्दल समज मात्र भरपूर. 'एकदा प्रयत्न केला म्हणजे हा पुन्हा करणारच' हा त्यातला सर्वांत घातक. आधीचा प्रयत्न ही धोक्याची सर्वांत मोठी खूण आहे, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा गाफील राहून चालणार नाही. पण प्रयत्नातून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तर दहांपैकी सुमारे नऊ जणांचा पुढचा मृत्यू आत्महत्येनं होत नाही असं दिसतं. म्हणजे घाटीतून घरी परतलेल्या बहुतेक माणसांपुढे उरलेलं आयुष्य खरोखरच उभं असतं. मित्रानं श्रद्धा ठेवायची तर आधी या गोष्टीवर ठेवावी. तिला पुरावा आहे.

पैठणला नागघाटावर रेड्याचं शिल्प आहे. लोक त्याला हात लावतात, फोटो काढतात आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा मुलांना सांगतात. मला त्या कथेआधीची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनं संसारात परतले आणि वाळीत पडले. धर्मशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज वाट ठेवली नाही. परंपरा सांगते, मुलांना तरी समाज पदरात घेईल या आशेनं विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई दोघांनीही देह ठेवला. तरीही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि जेमतेम आठ-नऊ वर्षांची मुक्ताई यांना पैठणला येऊन शुद्धिपत्र मागावं लागलं. आईबापांच्या मरणानं त्यांच्यासाठी एकही दार उघडलं नाही. 'मी गेलो तर घरच्यांचं ओझं उतरेल' या, निराशेनं ग्रासलेल्या मनाच्या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही. आणि त्या पोरांपुढे निवाडा करायला बसलेला धर्म आजही मेलेला नाही. 'असं करताना आईचा विचार आला नाही?' असं खाटेवरच्या माणसाला विचारणारा प्रत्येक नातेवाईक त्याच पंगतीत बसतो. याबाबतीत आपला कायदा समाजाच्या पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो अमलात आला २०१८ मध्ये. त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये. त्याची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर भारतीय दंड विधानातलं ते जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. शुद्धिपत्राची अट कायद्यानं काढून टाकली. घराघरांत ती अजून आहे.

घाटापासून गावातल्या नाथवाड्यात आलं की वेगळा धर्म भेटतो. एकनाथही लहानपणीच आईवडिलांना पारखे झालेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलेले. वाड्यात तो रांजण आहे, ज्यात श्रीखंड्याच्या रूपानं देवानं कावडीनं पाणी भरलं अशी कथा सांगतात. नाथषष्ठीच्या आधी, तुकाराम बीजेपासून, भाविक हा रांजण भरायला लागतात. घागरीमागून घागर ओतली जाते आणि काठोकाठ भरून वाहील तेव्हा तो भरला. नेमक्या कोणाच्या घागरीनं पाणी काठावर येईल, हे ओतणाऱ्याला आधी कळत नाही. मित्राच्या कामाचं स्वरूप असंच असतं. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी याचा शास्त्रीय पडताळा घेतला. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या रुग्णांपैकी काहींना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून लहानशी पत्रं पाठवली. पत्रांत उपदेश नसायचा की कुठली मागणी. आम्हाला तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा, इतपतच मजकूर. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पत्रं मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. दोन ओळींची चिठ्ठी, पण ठरल्या वेळी येणारी. श्रीखंड्याच्या कथेतही देव बारा वर्षं पाणीच भरतो, प्रवचन करत नाही.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आत्महत्येच्या विचारामागे पुष्कळदा उपचार करता येण्याजोगा आजार असतो. तिथं नाथ आणि रांजण कशाला? माझं म्हणणं असं की पहिला हक्क डॉक्टरांचा आणि औषधाचाच. मध्यरात्री कोणी सापडत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा मराठीतही बोलते, आणि तो आकडा मित्राला पाठ असायला हवा. दोरा, अंगारा किंवा नवस यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणारी श्रद्धा जीवघेणी आहे. श्रद्धेचा धाक घालणंही तितकंच चूक. महाराष्ट्राला प्रार्थना शिकवणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं जीवन संपवलं. 'देवावर विश्वास असता तर याला असं सुचलंच नसतं' असं म्हणणाऱ्यानं गुरुजींचं नाव आठवावं. श्रद्धा माणसाला वेदनेपासून सूट देत नाही. पण डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा होते. मधल्या दिवसांत जेवलास का, झोपलास का, चल जरा फिरून येऊ, हे कोण विचारणार? ते रोज विचारत राहण्याचं बळ कुठून आणायचं, हा वैद्यकाबाहेरचा प्रश्न आहे. मी श्रद्धेला तिथं जागा देतो.

पैठणहून नेवाशाकडे निघालं की नाथसागराचं पाणी बराच वेळ मनातून हटत नाही. वाटेत मी मुक्ताईचा विचार करत होतो. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली, तेव्हा ही धाकटी बहीण बाहेर उभी राहिली. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे. तिनं ताटी मोडली नाही आणि ती निघूनही गेली नाही. बाहेर उभं राहून बोलत राहिली. इथं कोणी म्हणेल, त्याच ज्ञानदेवांनी विशीतच आळंदीला समाधी घेतली, त्याचं काय? समाधी आणि आत्महत्या एका मापानं मोजणं मला साफ अमान्य आहे. परंपरेनं समाधीला पूर्णतेची जागा दिली. निराशेत सापडलेल्या माणसाला पूर्णता नको असते, त्याला फक्त वेदना थांबायला हवी असते. आणि त्याच परंपरेनं मागे राहिलेल्याचं दुःख झाकलेलं नाही. नामदेवांचे समाधीचे अभंग म्हणजे जिवाभावाचा मित्र गमावलेल्या माणसाचा उघडा शोक आहे. पुढे हे नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या नरसीशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या शिंप्याला पंजाबात आजही आपलं मानतात. शोक आधी पूर्ण आटोपला आणि मग काम सुरू झालं, असं त्यांच्या बाबतीत दिसत नाही.

नेवाशाला प्रवरेच्या काठी मंदिरात तो दगडी खांब आहे, पैस. ज्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर टीका सांगितली, तो हाच. ठेंगणा, ओबडधोबड, अंगावर जुना कोरीव लेख. दुर्गा भागवतांनी आपल्या पुस्तकाला त्याचंच नाव दिलं. पैठणनं या भावंडांना शुद्धिपत्र मागायला लावलं, नेवाशानं बसायला जागा दिली. माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळची कथा इथली आहे. गावातले सच्चिदानंदबाबा मरण पावले होते, पत्नी सती जायला निघाली होती, आणि ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं, असं सांगतात. ही कथा इतिहास नाही, हा आक्षेप मला मान्य. पण ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओवीत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा काळ आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव स्पष्ट आहे. मरणातून परतलेल्या माणसाचं पुढे काय झालं, असं लोकांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर ठेवलं : तो लिहायला बसला.

या कथेत कोणी सच्चिदानंदबाबांना 'तुला देवानं वाचवलंय, आता काहीतरी मोठं करून दाखव' असं म्हणत नाही. वाचलेल्या मित्रावर आपण नेमकं हेच लादतो, आणि जगण्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर चढवतो. लेखकाचं काम तसं नव्हतं. ओव्या दुसरा सांगत होता, समोर बसून उतरवायच्या होत्या. एक संपली की दुसरी. जगण्याचा हेतू हा असा दोघांत मिळून, थोडाथोडा तयार होतो, आणि त्यात मित्राचा वाटा त्या माणसाइतकाच असतो. म्हणून घाटीच्या आवारात उभ्या असलेल्या त्या मित्राला मी एवढंच सांगेन की कारणं शोधायचं राहू दे. पुढच्या तपासणीची तारीख लिहून घे, त्या दिवशी सोबत जा, आणि येताना शेतातलं, दुकानातलं, घरातलं कुठलं काम दोघांनी मिळून करायचं ते ठरव. त्यानं नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार.