काचपट्टीवरचा थर

इतिहास हा आमचा विषय. विज्ञानावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत ते न्हावा शेव्याच्या मुलांमुळे. 1989 साली येथे बंदर सुरू झाले. शेती गेली, मिठागरे गेली, कंटेनर आले. त्यांतून परदेशी बनावटीची सौर पॅनेले उतरतात, हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. ती आपणही घडवू शकू, हे मात्र त्यांच्या मनात येत नाही. बंदरात वाहनचालक वा कारकून होण्यापर्यंतच त्यांची नजर पोहोचते.

म्हणून आम्ही त्यांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविलेल्या प्रा. सी. डी. लोखंडे यांच्याविषयी सांगतो. सौर घट व सुपरकपॅसिटर यांसाठी अब्जांश मीटरांत मोजावे लागणारे थर घडविण्यात त्यांची कारकीर्द गेली. असे थर देणारी निर्वात यंत्रे फार महाग. सरांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक मार्ग धरला. काचपट्टी धन आयनांच्या द्रावणात बुडवावयाची, पाण्यात धुवावयाची, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा धुवावयाची. हे एक आवर्तन. अशी कित्येक आवर्तने झाली की काचेवर रंग चढतो. कॅडमियम सल्फाइडचा पिवळा. (थर तपासण्याची यंत्रे महागच असतात, हेही आम्ही मुलांपासून लपवीत नाही.) या पद्धतींचा आर. एस. माने व लोखंडे यांनी 2000 साली लिहिलेला आढावा जगभरचे संशोधक आधारास घेतात.

सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठते ती मुख्यतः पृष्ठभागाशी. म्हणून कण जितके सूक्ष्म, तितकी जागा अधिक. तो झटपट भारित होतो, परंतु बॅटरीइतकी ऊर्जा ठेवीत नाही. त्यासाठी रुथेनियम ऑक्साइड गुणी, पण अतिशय महाग. मँगनीज ऑक्साइड स्वस्त, आणि मँगनीजच्या खाणी आपल्या नागपूर-भंडाऱ्यात आहेत!

वीज स्वस्त व मुबलक हवी, हा आग्रह बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना धरला होता. आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेखही नव्हता. आता नववीच्या वर्गात आम्ही तो धडा लोखंडे सरांच्या काचपट्टीला जोडूनच शिकवितो.

यंदा एका मुलीने विचारले, “सर, ही पट्टी आपल्या प्रयोगशाळेत बुडवता येईल का?” कॅडमियम विषारी, तेव्हा ते नको, असे विज्ञानाच्या बाईंनी सांगितले. पण कपाटात पोटॅशियम परमँगनेटची बाटली आहे, आणि त्यापासून काचेवर मँगनीज ऑक्साइडचा तपकिरी थर बसतो. मुलींनी पट्ट्या धुऊन वाळत ठेवल्या आहेत.