नियम आधी, नाव नंतर

ओतूर परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा कबड्डी संघ तयार करते. आमच्याकडे मुलं फुटबॉल खेळतात, क्रिकेट तर बाराही महिने चालू असतं. पण तालुक्याच्या शालेय स्पर्धा लागल्या की गावाचे डोळे कबड्डीकडे लागतात. जूनमध्ये शाळा उघडते, जुलैत संघ उभा करायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्याला उतरायचं. जिंकलात तर पुढे जिल्हा, मग विभाग, मग राज्य. म्हणजे सगळी तयारी ऐन पावसात. उघडीप मिळाली की फावड्याने मैदान सारखं करायचं, दोरी ताणून फक्की मारायची. रात्री पाऊस झाला की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. नेमके हेच दिवस पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भाताच्या आवणीचे आणि इकडे बागायतीत टोमॅटोच्या तोड्याचे. माझ्या मुली या दोन्ही बाजूंनी येतात. संघाला शिस्त लावायची म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न मला या दिवसांनीच घातला.

शाळेत पूर्वीपासून एक नियम होता : जी सरावाला नाही, ती सामन्याला नाही. कुठल्याही क्रीडाशिक्षकाला पटेल असा हा नियम आहे. सराव मात्र शाळा सुटल्यावर, संध्याकाळी असायचा. एका वर्षी आठवीतली एक मुलगी आली. चढाईला अशी जायची, की समोरच्या कोपरारक्षकाला पाय कुठे ठेवावा ते कळू नये. पण आठवड्यातून जेमतेम एकदा सरावाला थांबायची. विचारलं, की मान खाली. शेवटी एका शनिवारी मी तिच्या घरी गेले. माळशेजच्या बाजूला, फाट्यापासून आत वस्ती. तिच्या आईने पाणी दिलं, चहा टाकला आणि आपणहून विषय काढला.

“मॅडम, खेळायला आमची ना नाय. पण ती गाडी गेली की मागं दुसरी कुठंय? फाट्यावरून आत यायचं म्हणजे दोन्ही अंगाला ऊस. मागल्या आठवड्यात शेजारच्यांचं कालवड नेलं वाघानं. अंधारात पोरीला कसं चालत येऊ द्यायचं, तुम्हीच सांगा.”

आमच्या जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला बिबट्याची ही भीती समजावून सांगावी लागत नाही. उसात बिबट्या व्यायला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र उभं राहिलं, ते याच संघर्षापायी. मुलीकडे अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास होता. पण पास असून उपयोग काय, गाडीच नसेल तर? गावातल्या मुलीला घर पाच मिनिटांवर होतं आणि हिला अंधार पडायच्या आत ऊस ओलांडायचा होता. नियम दोघींना एकच लागू होत होता, आणि त्यात दरवेळी बाद होत होती ती हीच.

सोमवारी मी सगळ्या मुलींना वडाखाली बसवलं आणि वही पुढे ठेवली. म्हटलं, नियम तुम्ही लिहा. मात्र असा लिहा, की इथे बसलेल्या प्रत्येकीला तो पाळता आला पाहिजे. पहिला वाद वेळेवर झाला. सराव सकाळी परिपाठाच्या आधी आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, असं ठरलं. दुसरा वाद गैरहजेरीचा. आवणीला घरचे शेतात नेणारच, तोड्याच्या दिवशी माणसं मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा गावातली एक मुलगी उठून म्हणाली, “मग आम्ही रोज यायचं आणि ह्यांनी आवणी करून आयत्या वेळी खेळायचं का?” प्रश्न रास्त होता. त्यातून नियमाचा दुसरा अर्धा भाग निघाला. आधी सांगून राहिली तर वहीत कारण लिहायचं, त्याची शिक्षा नाही. मात्र संघनिवडीच्या दिवशी चाचणी सगळ्यांना एकच : पूर्ण ३० सेकंद दम न तोडता चढाई, बोनस रेषेवरचा पाय, कोपऱ्यातली पकड, आणि ती सगळ्यांच्या समोर. आणि न सांगता राहिली, तर पहिल्या सामन्याला बाहेर बसायचं. मग ती कुणीही असो. शेवटचं वाक्य मुलींनीच घातलं, आणि ते वहीत लिहिलं कर्णधाराने, स्वतःच्या अक्षरात.

त्याच वर्षी मी सरावाला शिट्टी मुलींच्या हातात द्यायला लागले. प्रत्येकीने पाळीपाळीने पंच व्हायचं. कबड्डीत वादाचं मोठं घर म्हणजे राखीव क्षेत्र. मैदानाच्या दोन्ही कडांना मीटरभर रुंदीची ती पट्टी. झटापट झाल्याशिवाय तिथे पाय पडला की खेळाडू बाद. झटापट झाली की तीच पट्टी खेळात येते. सगळा निर्णय एका स्पर्शावर. चढाई करणारीचं बोट बचाव करणारीच्या कोपराला घासलं की नाही, हे पंचाला दिसेलच असं नाही. पण त्या दोघींना पक्कं ठाऊक असतं.

एका सकाळी पंचाची पाळी संघातल्या सगळ्यात अबोल मुलीची होती. कर्णधार उजव्या कोपऱ्यात उभी. चढाई करणारी तिच्या अंगावर गेली, ही मागे सरली आणि टाच पट्टीत पडली. ओल्या मातीत टाचेचा ठसा स्पष्ट उमटला होता. शिट्टी वाजली, हात वर गेला : कर्णधार बाद. “मला हात लागला होता,” कर्णधार म्हणाली. तिचं म्हणणं खरं धरलं तर पट्टी खेळात आली होती आणि टाच तिथे पडली म्हणून ती बाद ठरत नव्हती. अबोल मुलीने चढाई करणारीला विचारलं, “लागला होता?” ती म्हणाली, “नाही.” मग कर्णधाराकडे वळून तिने पुन्हा विचारलं, आवाज न चढवता, “लागला होता?” कर्णधार काही क्षण थांबली आणि बाहेर जाऊन बसली. मी एक अक्षर बोलले नव्हते. पंच म्हणून उभी राहिलेली मुलगी पुढे सामन्यात पंचाशी हुज्जत घालत नाही. आधी हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर, हे पाठ करून घेण्यापेक्षा एकदा शिट्टी हातात देणं मुलींना जास्त शिकवतं, असं माझ्या अनुभवाला आलं आहे.

न्याय ही गोष्ट आमच्या गावाला नवी नाही. श्रावणातल्या सोमवारी मांडवीकाठी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहायला रांगा लागतात आणि आखाड्यात कुस्त्या होतात. तिथे जाणती मंडळी जोड कशी लावतात ते मी लहानपणापासून पाहत आले. पोराला उभं करतात, खांदा बघतात, मांडी चाचपतात आणि तोलामोलाचा गडी समोर आणतात. भारी गडी हलक्यावर सोडला, तर त्या कुस्तीला गावात कुणी कुस्ती म्हणत नाही. निकाल मातीत लागतो खरा. पण तो खरा की खोटा हे जोड लावतानाच ठरलेलं असतं. शालेय स्पर्धेत हे काम प्रवेशिका भरताना होतं, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

वयोगट १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, १९ वर्षांखालील असे. जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरवरून. जुन्या पिढीत किती तरी जणांचा वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. आता जन्माचे दाखले असतात, तरी तारखेशी खेळण्याची सवय पुरती गेलेली नाही. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे एका प्रमाणपत्रापाठी अख्खं घर उभं असतं. केंद्र सरकारने वयचोरीविरुद्धची राष्ट्रीय संहिता २०१० मध्ये आणली, ती उगाच नाही. “एक पोरगी जरा मोठी आहे, पण कागद करून देतो, तुमची जिल्ह्याची वारी पक्की,” असा निरोप मलाही आला आहे. संघ बारा जणींचा. सात मैदानात, पाच राखीव. एक खोटं नाव आत आलं की एक खरं नाव बाहेर जातं. ती बाहेर जाणारी मुलगी माझ्या वर्गात, माझ्या समोर बसलेली असते. मी नाही म्हटलं आणि आमची यादी सूचनाफलकावर जन्मतारखांसकट लावली. ज्याला तपासायची त्याने तपासावी.

वहीतल्या शेवटच्या वाक्याची वेळही त्याच मोसमात आली. तालुका स्पर्धा तोंडावर आलेली आणि कर्णधार दोन दिवस दिसेना. पुण्याला साखरपुड्याला गेली होती. वहीत नोंद नाही, निरोप नाही. घर गावातलं वजनदार. मी तिला पहिल्या सामन्याला बाहेर बसवणार हे कळल्यावर आधी फोन आले, मग दोन गृहस्थ शाळेत आले. बोलणं सभ्य होतं. त्यांतले एक म्हणाले, “मॅडम, नियम पोरींसाठी असतात. पोरी काही नियमासाठी नसतात. गावाच्या नावाचा प्रश्न आहे.”

मी वही उघडून समोर ठेवली. “दादा, हे अक्षर तिचंच आहे. विचारा तिला.”

मुख्याध्यापकांनी मला एकच विचारलं, “हा नियम केला कधी?”

“जुलैत.”

“म्हणजे साखरपुडा ठरायच्या आधी. मग ह्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही.”

कर्णधार राखीव खेळाडूंत बसली. पहिला सामना आम्ही थोडक्यात काढला. उसाच्या वाटेवरून येणाऱ्या त्या आठवीतल्या मुलीने दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण आणला नाही तर बाद, अशा वेळी बोनस उचलला. दुसऱ्या सामन्यात कर्णधार मैदानात होती, जीव तोडून खेळली, आणि आम्ही हरलो. नियम पाळला म्हणून आम्ही जिंकलो नाही आणि हरलो तेही नियमामुळे नाही. शिस्तीचं फळ गुणफलकावर शोधायचंच नसतं. मला ते पुढच्या सोमवारी दिसलं. सरावाला संघातली एकही मुलगी कमी नव्हती; कर्णधारही आली होती, आणि तिच्याशी कुणी फटकून वागत नव्हतं. बाहेर बसवल्याने ती कुणाच्या नजरेतून उतरली नाही, कारण शिक्षा तिला म्हणून झालीच नव्हती. वहीत जे कुणाच्याही नावाशिवाय लिहिलं होतं, ते त्या दिवशी तिच्यावर आलं, इतकंच.

आधी ठरलेलं नसलं की काय होतं, ते ७ ऑक्टोबर २०२३ ला सगळ्या जगाने पाहिलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांची अंतिम लढत, भारत आणि इराण २८-२८, सामना संपत आलेला. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला. मागोमाग इराणचे बचावपटूही. गुण द्यायचे कुणाला आणि किती, जुना नियम लावायचा की नवा, यावर निर्णय फिरत राहिले, खेळाडू मॅटवर बसले आणि खेळ सुमारे तासभर अडला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. शनिवार होता, सकाळची शाळा सुटलेली आणि मुली मोबाईलभोवती गोळा झालेल्या. त्याच दिवशी भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं होतं, त्याचा आनंद होताच. पण मुलांच्या सामन्यावर त्या गप्प झाल्या. एकीने विचारलं, “मॅडम, हे त्यांनी आधी का नाही ठरवलं?” एवढ्या मोठ्या मैदानावरचं दुखणं तिने अचूक पकडलं होतं.

म्हणून तालुक्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं कळकळीचं मागणं आहे. सर्व शाळांच्या याद्या जन्मतारखांसकट आदल्या दिवशी फलकावर लावा. नाणेफेकीला दोन्ही कर्णधार आले की राखीव क्षेत्राचा आणि कार्डांचा नियम पंचांनी मोठ्याने सांगावा, म्हणजे मागाहून कुणाला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आणि मुलींचे सामने मुलांचे संपल्यावर, दिवस कलताना ठेवू नका. ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांना सकाळी खेळवा. याला मॅट लागत नाही, निधी लागत नाही. मुलांना शिस्त लावायचा हक्क मोठ्यांना आहे. पण ती शिस्त सगळ्यांना पाळता येईल अशी आधी आखणं हे मोठ्यांचंच काम आहे. ते जुलैत केलं, तर ऑगस्टात पंचाला शिट्टी वाजवण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.