गौरा, तुझ्या गुरगुरण्याबद्दल

प्रिय गौरा,

पत्र तुला लिहिते आहे, पण ते वाचायचं आहे माणसांनी. घरात शहाणं, वळण लागलेलं थोरलं कुत्रं आहे, तेव्हा आता एखादं पिल्लू आणायला काय हरकत, असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांनी तर नक्कीच. तीन महिन्यांपूर्वी मीही त्यांच्यातलीच होते.

"गौरा आहे ना, ती सांभाळेल त्याला." टिक्याला घरी आणलं तेव्हा हे वाक्य मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. महामार्गाच्या कडेला त्याच्या आईला गाडीनं उडवलं होतं. भावंडं कोणी कोणी उचलून नेली, हा मागे राहिला. सहा आठवड्यांचा जीव, कपाळावर पांढरा टिकला आणि अंगात नुसता वारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती उगाच नाही. त्या दिवसांत पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून मारामारी करतात. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ मोडतो, आणि दातांना आवर घालायचा असतो हे तिथंच कळतं. टिक्याची ती शाळाच बुडाली होती. मी ती तुझ्या गळ्यात घातली.

तू सोसशील, याची मला खात्री होती. नऊ वर्षांपूर्वी क्षेत्र माहुलीच्या घाटावर भिजलेली सापडलीस, तेव्हापासून तुला वळण लावताना मी फारसा आवाज चढवल्याचं आठवत नाही. "थांब" म्हटलं की थांबायचं. "घे" म्हटल्याशिवाय ताटलीला तोंड लावायचं नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. दर रविवारी अजिंक्यताऱ्याची चढण चढताना पट्टा माझ्या खांद्यावर असायचा आणि तू माझ्या पावलाशी. अशा कुत्रीला एक पिल्लू काय जड, असं मला वाटलं.

ती सकाळ मला विसरता येत नाही. व्हरांड्यातल्या उन्हात तू कुशीवर पडली होतीस. टिक्यानं आधी तुझी शेपटी धरली, तू ती सोडवून घेतलीस. मग तो कानाला लोंबकळला, तू मान फिरवलीस. जीभ एकदा नाकावरून फिरवलीस. मोठी जांभई दिलीस. मी हातात चहाचा कप घेऊन हे सगळं बघत होते आणि मला वाटलं, तुला झोप येते आहे. मग त्यानं तुझ्या मागच्या मांडीवर उडी घेतली आणि तू गुरगुरलीस. दात न दाखवता, अगदी खालच्या आवाजात.

"गौरा! लाज नाही वाटत? लहान आहे ना ते!" मी ओरडले.

तू उठलीस आणि न्हाणीघरात ओल्या फरशीवर जाऊन पडलीस. तीन दिवस तू संध्याकाळी दारात माझी वाट बघत बसली नाहीस.

नॉर्वेच्या तुरिड रुगास यांनी कुत्र्यांचे हे इशारे वर्षानुवर्षं न्याहाळून लिहून ठेवले आहेत. मान वळवणं, नाक चाटणं, झोप नसताना जांभई देणं, या सगळ्याचा अर्थ एकच : पुरे, शांत हो. म्हणजे तू टिक्याला तीनदा सांगून पाहिलं होतंस आणि तिन्ही वेळा तो ऐकत नव्हता. खरं तर तिसऱ्या वेळी त्याला उचलून बाजूला न्यायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही, आणि तुला मात्र रागावले.

चौथ्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मागचा पाय हलकेच मागे ताणला आणि तू अंग आक्रसून घेतलंस. क्ष-किरण चित्रात दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज दिसली. अजिंक्यताऱ्यावर तू निम्म्या वाटेत बसायला लागली होतीस, ते मी वयावर ढकललं होतं. त्या दुखऱ्या खुब्यावर रोज एक पिल्लू उड्या मारत होतं. डॉक्टर म्हणाले, "तिचं गुरगुरणं बंद करू नका. बोलू दिलं नाहीत, तर एक दिवस ती न बोलता चावेल."

हे दवाखान्यात जाणं पिल्लू आणण्याच्या आधी व्हायला हवं होतं. दुखणं कुत्रं सांगत नाही. लसींचंही तसंच. पिल्लाच्या लसींच्या तारखा सगळे पाठ करतात, पण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि तो थोरल्याच्या पंजांवरूनही घरात येऊ शकतो.

त्या दिवसापासून घरातली मांडणी बदलली. मधल्या दाराला गुडघ्याएवढी फळी आली. दिवाणाला बुटकी पायरी लावली, तुला चढता यावं म्हणून. टिक्याला तिकडे बंदी. ताटल्या दोन खोल्यांत. फिरणं वेगळं, शिकवणंही वेगळं. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं. तो सतत तुझ्या मागे राहिला, तर तुझ्या मागे जायलाच शिकेल, माझं ऐकायला नाही. म्हणून दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, फळीच्या पलीकडे तो आणि मी. सासूबाई सुरुवातीला हळूच भाकरीचा तुकडा पुढे करायच्या. आता त्याही तो खाली बसेपर्यंत थांबतात. आणि झोप! एवढं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपायला हवं. संध्याकाळी तो पिसाटल्यासारखा धावतो तेव्हा त्याला खेळ नको असतो, अंधारा कोपरा हवा असतो. त्या कोपऱ्यानं तुझी कितीतरी सुटका केली.

तो तुझ्याकडून काही शिकलाच नाही, असं मात्र नाही. बुडापेस्टमध्ये क्लॉडिया फुगाझ्झा आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांच्या पिल्लांसमोर खाऊची पेटी उघडून दाखवली. पिल्लं ती युक्ती बघून शिकली, आणि आईपेक्षा अनोळखी कुत्र्याकडून जास्त चांगली शिकली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. ते वाचताना मला तुम्ही दोघं दिसत होतात. पण पिल्लू निवड करत नाही. घंटागाडीचा आवाज आला की फाटकावर जाऊन भुंकायची तुझी एकच खोड आहे, ती त्यानं दोन दिवसांत उचलली. उंबऱ्याला तीन आठवडे लागले. एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते, तू नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर बसलीस. तो धावत आला, तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुझ्या शेजारी बसला. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून त्याला खाऊ दिला, आणि आधी तुला.

परवा व्हरांड्यात त्याचा एक दुधाचा दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. अठ्ठावीसांतला पहिला. आणि त्याच दिवशी, मी काहीही न सांगता, तू फळीपाशी गेलीस, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवलीस आणि शेपटी हलवलीस. खेळायचं निमंत्रण! मी फळी काढली. चार-पाच मिनिटं तुम्ही खेळलात. मग त्यानं कान जरा जोरात धरला, तू गुरगुरलीस आणि त्यानं तो सोडला. मी काही बोलले नाही.

ज्यांच्या घरी अशी एखादी गौरा आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पिल्लू जरूर आणा, पण ते तुमचं म्हणून आणा, तिच्या भरवशावर नको. ती गुरगुरली तर आधी पिल्लाकडे बघा.

आणि गौरा, आता गड नाही. पण रोज साडेपाचला कोपऱ्यावरच्या वडापर्यंत आपण जाऊ, तुझ्या चालीनं, दोघीच. टिक्या तेवढा वेळ सासूबाईंजवळ थांबेल.

तुझीच