हवेचा आधार

अण्णांच्या कमरेचे ऑपरेशन झाले नि मालेगाव-नाशिक रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला वैरी वाटू लागला. घरची माणसे आणि चाकांची खुर्ची चढली, की मोटारीची मागची बाजू बसायची. गचका बसे, अण्णा मुकाट्याने डोळे मिटून घेत.

बेल्फास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची रबरी धाव केली. तिचे पेटंट १८८८ सालचे. त्याने मुलासाठी केले, मग मी बापासाठी का करू नये?

दिवाळीच्या सुट्टीत हा मराठीचा प्राध्यापक पाना घेऊन अंगणात उतरला. गाडी जॅकने उचलली, टेकू लावले, मागच्या स्प्रिंगांच्या पोटात रबरी फुगे सरकवले, नळ्या सायलेन्सरपासून दूर बांधल्या आणि पंप मारला. हौसेने इतका, की रिकामी गाडी टणाटण उडू लागली!

शेजारचे मिस्त्री हसले. "सर, फुग्यानं गाडी सरळ राहते, तिची ताकद वाढत नाही. ओझं तेवढीच हवा!"

हवा उतरवली. पुढच्या खेपेस चांदवड मागे पडले, तरी अण्णांचा हुंकार नाही. दचकून वळलो. ते शांत झोपले होते.

धीर देतानाही मी नेहमी जास्तच पंप मारीत आलो, हे तेव्हा ध्यानात आले.